रिकाम्या कयाकवर शिकलो, भरलेल्या कयाकने शिकवलं

सहा दिवस, दीडशे किलोमीटर नदी. कयाक या वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीतून माझी पहिली लांबची सफर. आधीचे दोन महिने मी इमानेइतबारे दंड कमावले. पहिल्याच दुपारी दुखायला लागली ती कंबर, मांड्यांची मागची बाजू आणि बूड. दंडांना काहीही झालं नव्हतं.

कयाकमध्ये पाय पुढे करून, पाठ ताठ ठेवून तासन्‌तास बसायचं असतं. जमिनीवर तसं अर्धा तास बसता येत नसेल, तर तयारीची सुरुवात तिथूनच करा. आणि वल्हं दंडाने ओढायचंच नसतं. पातं पायाच्या पंज्याजवळ बुडवायचं, त्याच बाजूच्या पायाने फूटरेस्टवर रेटा द्यायचा, धड वळवायचं आणि हात कमरेशी आला की पातं बाहेर. मूठ सैल ठेवायची. मी आवळून धरत होतो. तिसऱ्या दिवशी अंगठ्याच्या बेचक्यात फोड आला आणि पुढचं सगळं अंतर चिकटपट्टी लावून काढलं.

सराव मात्र मी केला होता तो बहुतेक रिकाम्या कयाकवर, आणि खरी चूक तीच. सामान भरल्यावर ती वेगळीच होडी होते: हळू वळते, उशिरा थांबते. शांत पाण्यात नवखा माणूस ताशी चार-पाच किलोमीटर जातो. प्रवाह सोबतीला असला तर हा आकडा वाढतो, पण समोरून वारा सुटला की सगळा हिशोब कोलमडतो. रोजचं अंतर ठरवताना हात जरा आखडताच घ्या.

सामान भरणं ही अर्धी विद्या आहे. मी मोठ्या हौसेने घेतलेली चाळीस लिटरची ड्राय बॅग, म्हणजे आत पाणी न शिरणारी पिशवी, कयाकच्या झाकणातून आतच जाईना. दहा-दहा लिटरच्या छोट्या पिशव्या घ्या, त्या कोपऱ्याकोपऱ्यांत बसतात. हवा काढून तोंडाला निदान तीन वळकट्या मारायच्या आणि पिशवी दाबून बघायची. फुस्स आवाज आला तर पाणीही शिरणार. जड वस्तू तळाला, सीटच्या जवळ. हलक्या दोन्ही टोकांना. सगळ्यात जड असतं पिण्याचं पाणी, लिटरला किलोभर. डेकवर, म्हणजे होडीच्या वरच्या पाठीवर, गाठोडी बांधू नका, होडी डळमळते आणि वारा पकडते.

आता उलटण्याबद्दल. कमरेभोवती स्प्रे स्कर्ट (होडीत पाणी येऊ नये म्हणून बसायच्या जागेवर ताणून बसवायचं कापड) लावणार असाल तर तो सोडवायला ओढायचा पुढचा पट्टा बाहेर राहिलाय ना, हे दर वेळी हाताने चाचपा. उलटून बाहेर पडायच्या एका सरावात माझा पट्टा आतच दुमडला गेला होता. डोकं खाली, नाकात पाणी, बोटं कापडावरून नुसती घसरतायत. कडेला गुडघ्याने रेटा दिला तेव्हा एकदाचा सुटलो. जेमतेम काही सेकंदांचा खेळ असेल, पण नंतर काठावर बसून बराच वेळ हात थरथरत होते. हा सराव जाणत्या माणसाला शेजारी उभं करूनच करायचा, आणि एकदा तरी भरलेल्या होडीने. पाणी शिरलेली भरली कयाक दोघांनाही उचलवत नाही. वाहत्या पाण्यात तिच्या खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाह जातो त्या बाजूला, कधीच राहू नका. ती तुम्हाला खडकावर चेपेल.

पाण्यात पडलात तर उभं राहायचा मोह आवरा. तळाच्या दगडात पाऊल अडकलं की प्रवाह माणसाला आडवा करतो. उताणं व्हायचं, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याच्या वर. नदीत पडलेल्या झाडापासून लांब राहा, कारण फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही. आणि बुटका बंधारा! वरून येताना तो पाण्यावरची एक सरळ रेघ वाटतो, तर खाली पाणी उलटं फिरत असतं आणि पडलेल्याला सोडत नाही. रेघ दिसली की काठाला लागायचं आणि होडी उचलून काठाने पुढे न्यायची. लाइफ जॅकेटबद्दल चर्चा नकोच. ते अंगात, बंद लावलेलं. कपडे हवेकडे बघून नाही, पाण्याच्या गारठ्याकडे बघून निवडा. सुती नको, भिजलं की ते अंगातली ऊब खेचून घेतं.

निघण्यापूर्वी याच सामानासह एक रात्र नदीकाठी काढून या. मी ही तालीम केली ती सफरीला जेमतेम आठवडा उरला असताना. झोपण्याआधी पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवली होती. आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता, तरी सकाळी ती काठी वीतभर पाण्यात उभी होती. वरच्या अंगाला कुठेतरी पाऊस पडून गेला असावा. होडी मी उंचावर ओढून झाडाला बांधली होती म्हणून वाचली. घरी आल्यावर घडीची खुर्ची आणि जाडजूड बूट सामानातून काढले, आणि आत साचलेलं पाणी टिपायला एक मोठा स्पंज घेतला. सफरभर सर्वांत जास्त वापरात राहिला तो स्पंजच.