जुन्या बुलेटला नवा फ्यूज बॉक्स: एका फ्यूजवरून सहांवर

कास्ट आयर्न इंजिनच्या जुन्या बुलेट ३५० मध्ये बहुधा सगळ्या गाडीला मिळून एकच फ्यूज सापडतो. बॅटरीपाशी लोंबणारी प्लॅस्टिकची नळी, तिच्यात स्प्रिंग आणि काचेचा फ्यूज. हँडलपाशी हॉर्नची तार घासून चासीला टेकली की तो उडतो, आणि हॉर्नबरोबर टेललाइट, इंडिकेटर, इग्निशन असं सगळंच जातं. भर दिवसा हा फक्त मनस्ताप आहे. रात्री घाटाच्या वळणावर गाडी अचानक बंद पडून अंधार झाला, तर मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसतही नाही.

उपाय सोपा आहे. काचेच्या फ्यूजची नळी काढायची, सहा खणांचा ब्लेड फ्यूजचा (दोन चपट्या पायांच्या प्लॅस्टिकच्या फ्यूजचा) बॉक्स बसवायचा आणि प्रत्येक कामाला स्वतःचा फ्यूज द्यायचा. मल्टिमीटर वापरता येत असेल तर रविवारच्या एका दिवसात काम होतं. त्यातला निम्मा वेळ तारांची टोकं नीट दाबण्यात जातो आणि तो जायलाच हवा.

काचेचा फ्यूज का बदलायचा

काचेच्या आतली तार एका सिलिंडरच्या थरथराटाने तुटते, पण त्याहून त्रासदायक असतात तिला धरणारे चिमटे. त्यांची पकड वर्षागणिक ढिली होते, पावसाळी हवेने पितळेवर हिरवट थर चढतो, जोड तापतो आणि टोपीतला डाख मऊ पडतो. फ्यूज उडालेला दिसत नाही, तरी करंट मिळत नाही. मग रस्त्यात कोणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून देतो. गाडी चालू होते, पण आता फ्यूजच उरलेला नसतो. पुढचा शॉर्ट झाला की जळणार ती सीटखालची वायरिंग.

फ्यूज बल्ब वाचवत नाही, तार वाचवतो. म्हणून त्याचा आकडा तार किती करंट सोसते त्यावरून ठरतो. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या गाड्यांत आणखी एक फसगत होते. ल्युकासच्या काचेच्या फ्यूजवर छापलेला ३५ हा तो उडण्याचा आकडा आहे. सतत सोसण्याची त्याची क्षमता साधारण १७ अँपिअरच असते. ब्लेड फ्यूजवर मात्र सतत सोसण्याचा आकडा छापतात. त्यामुळे ३५ च्या जागी ३५ लावला, तर संरक्षण जवळपास निम्म्यावर येतं.

आधी गाडी तपासा

हत्यार उचलण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा.

एक, बॅटरीची कोणती तार चासीला गेली आहे? बहुतेक गाड्यांत निगेटिव्ह जाते; जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह. फ्यूज नेहमी चासीला न गेलेल्या बाजूला. खालची सगळी माहिती १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ आणि पॉइंटवर (कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांवर) चालणाऱ्या गाडीसाठी आहे. ६ व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच वॅटला दुप्पट करंट लागतो, म्हणून हे आकडे तिथे जसेच्या तसे चालणार नाहीत.

दोन, हेडलाइट बॅटरीवर आहे की अल्टरनेटरच्या एसीवर? इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवा आणि हेडलाइट लावा. लागला तर बॅटरीवर आहे. इंजिन चालू केल्यावरच लागत असेल आणि रेसबरोबर कमी-जास्त होत असेल तर तो एसीवर आहे. एसीवरचा हेडलाइट नव्या बॉक्सला जोडायचा नाही. ती तार होती तशीच राहू द्या. यामाहा आरएक्स १०० किंवा जुनी स्प्लेंडर या अशाच गाड्या: हेडलाइट आणि इग्निशन दोन्ही बॅटरीशिवाय चालतात, म्हणून तिथे हॉर्न, ब्रेकलाइट आणि इंडिकेटरपुरता तीन-चार खणांचा बॉक्स पुरतो.

हिशेब

वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. फ्यूज असा निवडा की सततचा करंट त्याच्या आकड्याच्या पाऊण भागापेक्षा वर जाणार नाही.

हेडलाइट ६०/५५ वॅटचा असेल तर ५ अँपिअर घेतो: ७.५ चा फ्यूज. ३५ वॅटच्या बल्बला ५ चा पुरतो.
इग्निशन कॉइलचा रोध ३ ओहमच्या आसपास असतो. पॉइंट जुळलेले असताना ती ४ अँपिअर ओढते: ७.५.
टेललाइट, पायलट दिवे आणि मीटरचा बल्ब मिळून दीड अँपिअरच्या आत: ५.
हॉर्न ३ ते ४ आणि ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन: ७.५.
इंडिकेटर, १० वॅटचे दोन बल्ब एका वेळी: ५.
सहावा खण मोकळा ठेवा. मोबाइल चार्जर कधी ना कधी येतोच. त्याला ३ चा.

हॉर्न आणि इग्निशन एका फ्यूजवर कधीही घेऊ नका. हॉर्नची तार हँडलबरोबर रोज शेकडो वेळा वाकते. आज ना उद्या ती उघडी पडणारच.

सतत चालणारा भार १० अँपिअरच्या आसपास भरतो. म्हणून बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज १५ चा. हॉर्न, ब्रेक आणि इंडिकेटर एकदम लागले तर क्षणभर १७ पर्यंत जाईल, पण तेवढ्याने १५ चा फ्यूज उडत नाही. ब्लेड फ्यूज आकड्यापेक्षा थोड्याच जास्त करंटला बराच वेळ दम धरतो आणि दुप्पट करंटला फार तर पाच सेकंदांत उडतो. जोडीचे मोठे हॉर्न बसवले असतील तर ते या हिशेबात धरू नका; त्यांना बॅटरीपासून वेगळा फ्यूज आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) द्या.

सामान

सहा खणांचा झाकणवाला ब्लेड फ्यूज बॉक्स, आतून एकच पट्टी असलेला, म्हणजे एका तारेने सगळ्या खणांना करंट मिळतो. किल्लीच्या स्विचमधून दिव्यांची आणि इग्निशनची तार वेगवेगळी निघत असेल तर मात्र प्रत्येक खणाला स्वतंत्र तोंड असलेला बॉक्स घ्या. त्याशिवाय पाणी न शिरणारा एक सुटा फ्यूज होल्डर मुख्य फ्यूजसाठी, ६.३ मिलिमीटरची पितळी थिंबलं (तारेच्या टोकाला दाबून बसवायचे जोड) पंधरा-वीस, श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी), रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेने तार घासू न देणारी रिंग), ५ मिलिमीटरचे दोन बोल्ट नायलॉकच्या नटांसह.

तार गाड्यांचीच घ्या. ऑटो केबलच्या वेटोळ्यावर १४/०.३० असं लिहिलेलं असतं: ०.३० मिलिमीटरच्या १४ काड्या, म्हणजे सुमारे १ चौरस मिलिमीटर, सोसते पावणेनऊ अँपिअर. ७.५ च्या फ्यूजला ती योग्य. ५ च्या फ्यूजला ९/०.३० चालेल. बॅटरीपासून किल्लीपर्यंत आणि किल्लीपासून बॉक्सपर्यंत २८/०.३०, ती साडेसतरा सोसते. घरगुती वायरिंगची उरलेली तार वापरू नका; तिचं आवरण ७० अंशांसाठी बनवलेलं असतं, आणि सिलिंडर हेडच्या शेजारी ते लवकर कडक होऊन तडकतं.

फ्यूजचे रंग ठरलेले आहेत: ३ जांभळा, ५ फिकट तपकिरी, ७.५ गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा. स्वस्त पुडीतले फ्यूज रंगाने बरोबर आणि आतून खोटे असू शकतात. पुडीतला एक बळी द्या: ५ चा फ्यूज घेऊन त्याच्यापुढे ६० वॅटच्या दोन फिलामेंट समांतर जोडा आणि कारच्या मोठ्या बॅटरीवर लावा. १० अँपिअर वाहतात. पाच सेकंदांत उडाला नाही तर पूर्ण पुडी फेका.

बसवणं

१. बॅटरीची आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह तार काढा. जुन्या जोडांचे फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक तारेला चिकटपट्टीवर नाव लिहा. अशा गाडीची वायरिंग मधल्या काळात कितीदा बदलली आहे ते कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे तारेच्या रंगावर भरवसा ठेवू नका. मीटरची बीपर लावून दोन्ही टोकं तपासा.

२. बॉक्सची जागा सीटखाली किंवा बॅटरीशेजारच्या टूलबॉक्समध्ये. तो आडवा, तोंड वर करून बसवला की पावसाळ्यात त्याचं तळं होतं. उभा बसवा, तारा खालून बाहेर काढा आणि प्रत्येक तारेला आत शिरण्याआधी थोडा झोल ठेवा, म्हणजे पाणी झोलावरून खाली टपकेल. सगळीकडे सिलिकॉन भरून बंद करण्याचा मोह टाळा. आत शिरलेलं पाणी मग बाहेर पडत नाही.

३. मुख्य फ्यूजचा होल्डर बॅटरीच्या टर्मिनलपासून एका वितीच्या आत. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला कसलंच संरक्षण नसतं, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी. सेल्फ स्टार्ट असेल तर स्टार्टर मोटरची जाड तार या फ्यूजमधून नेऊ नका.

४. होल्डरपासून जुन्याच मार्गाने अॅमीटर (करंट दाखवणारा मीटर) आणि तिथून किल्लीचा स्विच. अॅमीटरचे नट उघडून पितळ दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासा आणि आवळा. बॅटरीचा सारा करंट इथून जातो, आणि थरथराटाने हे नट ढिले झाले की फ्यूज शाबूत असूनही गाडी मरते.

५. किल्लीच्या स्विचमधून बाहेर पडणाऱ्या जागेवर २८/०.३० ची नवी तार लावून ती टाकीखालून बॉक्सच्या पट्टीपर्यंत आणा. बॉक्समधून हेडलाइट, पायलट दिवे, हॉर्न आणि इंडिकेटर यांच्या तारा परत वर जातील. हँडल पूर्ण डावीकडे व उजवीकडे फिरवून पाहा. हेडस्टॉकपाशी (हँडल जिथे चासीत फिरतं तिथे) तार ताणली जाता कामा नये आणि चिमटलीही जाता कामा नये. कॉइल आणि ब्रेकच्या स्विचच्या तारा बॉक्सपासून जवळच असतात. टेललाइटची तार मागच्या मडगार्डच्या भोकातून जाते, तिथे ग्रोमेट हवंच.

६. नवी तार लावल्यावर तिची जुनी वाट तोडायला विसरू नका. हेडलाइटला नव्या बॉक्समधूनही करंट येतोय आणि जुन्या जोडातूनही, अशी गाडी वरवर उत्तम चालते. पण फ्यूज काढला तरी दिवा जात नाही, म्हणजे त्या फ्यूजचा काडीचा उपयोग नाही.

थिंबल दाबायला साधी पक्कड चालत नाही, क्रिम्पिंगची पक्कड लागते. आवरण ५ ते ६ मिलिमीटर सोला, एकही काडी तुटू देऊ नका. थिंबलचे पुढचे कान उघड्या तांब्यावर आणि मागचे कान आवरणावर दाबले गेले पाहिजेत; थरथराटाचा मार मागचे कान खातात. दाबल्यावर तार जोराने ओढा. निघाली तर आत्ताच निघालेली बरी. वरून डाख ओतून जोड पक्का करायची सवय अनेकांना असते. टीव्हीत तो टिकतो, बुलेटमध्ये नाही: डाख तारेत वर चढतो, तार तिथे कडक होते आणि जिथे कडकपणा संपतो तिथे ती तुटते.

पहिल्यांदा करंट सोडताना

थेट १५ चा फ्यूज लावू नका. त्याच्या जागी २१ वॅटचा बल्ब दोन तारांनी जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल आणि करंट पावणेदोन अँपिअरवर अडेल. तार जळणार नाही. इग्निशनचा फ्यूज काढून ठेवा, नाहीतर पॉइंट जुळलेले असतील तर कॉइलमुळेही बल्ब पेटतो. सगळे स्विच बंद ठेवून किल्ली फिरवा: बल्ब विझलेलाच राहिला पाहिजे. थेट किल्लीवर लागणारा मीटरचा एखादा छोटा दिवा असेल तर तो फार तर मंद पेटेल. मग बॉक्समधले फ्यूज एकेक करून लावा. जिथे बल्ब भडकेल ती तार दोषी.

सगळं ठीक असेल तर खरे फ्यूज लावा, हेडलाइट पेटवा आणि मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं हेडलाइटच्या थिंबलला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर कुठेतरी जोड कच्चा आहे. तेच माप टप्प्याटप्प्याने घ्या: होल्डर, अॅमीटर, किल्ली, बॉक्स. जुन्या गाडीत अपराधी बहुधा किल्लीचा स्विच निघतो. तो बदलायचा नसेल तर हेडलाइटला रिले लावा. रिलेच्या पायांवर आकडे असतात: ३० ला किल्लीतून न जाता, बॅटरीपासून वेगळ्या फ्यूजमधून करंट, ८७ वरून डिपरच्या स्विचकडे, ८६ ला हेडलाइटची जुनी तार, ८५ चासीला.

अर्ध्या तासाच्या फेरीनंतर प्रत्येक फ्यूजला बोट लावा. कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर फ्यूज मोठा करू नका, थिंबल ढिलं आहे.

पुढे एखादा फ्यूज पुन्हा पुन्हा उडायला लागला, तर तोच २१ वॅटचा बल्ब त्या खणात जोडा, त्या फ्यूजवरचे सगळे बल्ब आणि हॉर्न सुटे करा आणि हँडल वळवा, मडगार्ड हलवा, टाकीखाली हात घालून वायरिंग दाबून पाहा. ज्या हालचालीला बल्ब पेटतो, तिथे आवरण फाटलेलं आहे. मुख्य फ्यूज उडाला तर मात्र गाडी ढकलून, रेस देऊन घरापर्यंत रेटू नका. बॅटरीची जोडणी तुटलेली असताना अल्टरनेटरचा व्होल्टेज चढतो आणि पेटलेले बल्ब एकामागोमाग एक जातात.