सिग्नेचर गिटार घेताय? मेटल वाजवणाऱ्यांनो, या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या गिटार दुरुस्तीच्या खोलीवर महिन्याला एक तरी काळी, टोकदार, कवट्यांची नक्षी असलेली सिग्नेचर गिटार, म्हणजे एखाद्या नावाजलेल्या वादकाच्या नावाने निघालेली गिटार, येते. आणणारा पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा, आणि तक्रार ठरलेली: "सर, सूर ठरंना झालाय." गिटार घेऊन महिना झालेला नसतो. वडिलांचे पन्नास-साठ हजार त्यात गेलेले असतात, आणि घ्यायच्या आधी काय तपासलंस म्हणून विचारलं की पोरगा गप्प बसतो.

हाच पोरगा चप्पल लाईनीत जोड घ्यायला गेला की तळ वाकवून बघतो, शिलाईवरून बोट फिरवतो, पायात घालून चार पावलं चालतो. गिटार घेताना तेवढं तरी करा, म्हणून हे लिहितोय.

सही बघून घेणं

एकाच कलाकाराच्या नावाने तीन-चार किमतींच्या गिटारी निघतात. मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटचंच बघा. ईएसपी ही १९७५ साली टोकियोत सुरू झालेली कंपनी, आणि एलटीडी हा तिचाच कमी किमतीचा ब्रँड. एलटीडीत केएच-६०२ आहे आणि केएच-२०२ पण आहे. फोटोत दोन्ही जुळ्या बहिणी. पण ६०२ चा नेक बॉडीतून आरपार गेलेला, बॉडी अल्डर लाकडाची आणि पिकअप (तारांचा आवाज पकडणारे) ईएमजी कंपनीचे ऍक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारे. २०२ चा नेक बोल्टने जोडलेला, बॉडी बासवुडची, पिकअप ईएसपीचे स्वतःचे. गिटारवादक स्टीव्ह वायची आयबानेझ कंपनीची जेम १९८७ साली आली. आजची जेम ज्युनिअर तोच हात घालायचा कोरलेला कप्पा आणि फ्रेटबोर्डवरची तीच वेल घेऊन येते, पण पिकअप आणि ब्रिज (तारा बॉडीवर जिथं टेकतात तो भाग) दोन्ही खालच्या दर्जाचे.

यात कुणी फसवत नाही, सगळं कंपनीच्या पानावर लिहिलेलं असतं. आपण ते वाचत नाही. माझी सवय अशी: वहीत दोन रकाने आखायचे, वरच्या मॉडेलमध्ये काय आहे आणि आपल्या मॉडेलमध्ये काय आहे ते समोरासमोर लिहायचं. पैसे कुठं वाचवलेत ते पाच मिनिटांत कळतं. पिकअपमध्ये वाचवले असतील तर चालेल, ते पुढे बदलता येतात. लाकूड वेगळं असेल तरी मी फार मनावर घेत नाही. बोल्टचा नेक तर मला आवडतोच, कोन चुकला तर खोलून नीट करता येतो. फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या) कामात आणि ब्रिजमध्ये काटकसर झालेली असली की मात्र मी घेऊ देत नाही.

दुकानात गेल्या गेल्या गेन वाढवणं

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक. पोरं दुकानात शिरतात, अँपचं गेन, म्हणजे आवाज फाडायचं बटण, शेवटापर्यंत फिरवतात, ओळखीचा रिफ वाजवतात आणि "लई भारी" म्हणून मोकळी होतात. एवढ्या डिस्टॉर्शनमध्ये प्रत्येक गिटार भारीच वाजते. गेन आवाज दाबून सपाट करतं, कमकुवत सूरही फुगवून देतं. फ्रेटची खरखर, मध्येच मरणारा सूर, सगळं त्याखाली झाकलं जातं. ते घरी आल्यावर क्लीन चॅनलवर, न फाडलेल्या आवाजात, कळतं, तोवर परत द्यायची मुदत संपलेली असते.

सुरुवातीच्या काळात मी मिरजेला तंबोरा करणाऱ्या एका बुजुर्ग कारागिरांकडे जाऊन बसायचो. जवारी (तारेची गुंजन) काढताना ते घोडीवर कानस एकदा फिरवायचे, तार छेडायचे, आणि ती पूर्ण विझेपर्यंत दुसरं काही करायचे नाहीत. कारखान्यात कुणी बोलायला लागलं तर हात वर करून थांबवायचे. मी नुसता बघत बसायचो. तंबोऱ्यात तार घासून गुंजायला हवी असते, गिटारीत तेच घासणं हा दोष. पण ऐकायची पद्धत एकच, आणि ती मी तिथून उचलली.

म्हणून अँप बंद. गिटार मांडीवर, बॉडीचं वरचं टोक कानाशी. सहाही तारा, प्रत्येक फ्रेट, एकेक सूर छेडायचा आणि विझेपर्यंत थांबायचं. मेटल वाजवणाऱ्याचा हात जड असतो, तेव्हा छेडायचंही तसंच जोरात. जोरात मारल्यावर थोडी खरखर आली तरी घाबरू नका, अॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) खाली असली की ती येतेच. शेजारच्या फ्रेटवर खणखणीत आणि एकाच फ्रेटवर मुका, असा सूर सापडला तर थांबा. मग पहिली तार पंधराव्या, सतराव्या फ्रेटवर पूर्ण एक सूर (दोन फ्रेटइतका) वर ताणा. ताणता ताणता आवाज बंद पडला तर फ्रेटची पातळी बिघडलेली आहे, आणि तुमचा अख्खा सोलो तिथंच अडकणार. नेकच्या कडेवरून तळहात खालीवर फिरवा, फ्रेटची टोकं टोचता कामा नयेत. याला अर्धा तास लागतो. दुकानदार चुळबूळ करतो. करू दे.

अँप लावलाच तर आधी क्लीनवर. आवाजाचं बटण फिरवताना कुरकुर येते का, जॅक हलवल्यावर आवाज तुटतो का, ते ऐका.

हिरोकडे आहे म्हणून फ्लॉइड

फ्लॉइड रोझच्या तरंगत्या ब्रिजचं पेटंट १९७९ चं. कल्पना सोपी आहे: एका बाजूला तारांचा ताण, दुसऱ्या बाजूला मागच्या स्प्रिंगांचा, आणि ब्रिज बॉडीत बसवलेल्या दोन खुंट्यांवर (ट्यूनिंगच्या नव्हेत) सुरीसारख्या धारेने टेकून मधोमध तोललेला. ब्रिजला लावलेली दांडी दाबली-ओढली की सूर खाली-वर होतो. चांगल्या फ्लॉइडची धार कडक पोलादाची असते. स्वस्तातल्यांचा धातू मऊ.

गेल्या डिसेंबरात कागलचा एक पोरगा आला. कॉलेजच्या गॅदरिंगला दोन दिवस होते. सिग्नेचर गिटार, ०९ च्या बारीक तारा, आणि त्याने ती ड्रॉप सीला उतरवलेली: सगळ्या तारा एक सूर खाली, सहावी दोन सूर. तारा ढिल्या झाल्या, स्प्रिंगांनी बाजी मारली, ब्रिजचं मागचं टोक बॉडीत घुसलं आणि तारा फ्रेटवर लोळायला लागल्या. त्याने एक व्हिडिओ बघितला, अॅलन की घेतली आणि तारा तशाच ताणलेल्या ठेवून ब्रिजच्या दोन्ही खुंट्या फिरवून वर केल्या. "दहा-बारा डाव फिरवलं सर, पण आणिकच बिघडायलंय."

तारा उतरवून ब्रिज काढला आणि सोनाराच्या भिंगातून धार बघितली. दोन्ही बाजूंना धारेला खाचा, आणि खुंटीच्या खोबणीत चंदेरी भुकटी. प्रत्येक फेऱ्याला ती धार खुंटीवर खरडली गेली होती. आता दांडी दाबून सोडली की सूर थोडा खाली राहायचा, ओढून सोडली की थोडा वर. यावर सेटअपचा इलाज नाही, पार्ट बदलावाच लागतो, आणि दोन दिवसांत तो मिळण्यासारखा नव्हता. उद्यमनगरात कास्टिंगचे लाकडी पॅटर्न करणाऱ्या ओळखीच्या मिस्त्रींकडून सागाचे दोन तुकडे मापात तासून आणले, मागच्या पोकळीत ब्रिजखालच्या धातूच्या ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना ठोकून बसवले आणि ब्रिज जाम केला. गॅदरिंग पार पडलं. नंतर बोलताना कळलं की बँडमध्ये तो फक्त रिदम वाजवतो. दांडीला त्याने वाजवताना कधी हातसुद्धा लावला नव्हता.

रिदमच वाजवायचं असेल आणि सारखं ट्यूनिंग बदलायचं असेल तर स्थिर ब्रिजची सिग्नेचर घ्या. ट्रिव्हियम या मेटल बँडच्या मॅट हीफीची एपिफोन लेस पॉल तशीच आहे. फक्त तिची स्केल (तारेची वाजणारी लांबी) २४.७५ इंचांची, २५.५ पेक्षा आखूड, म्हणून खाली ट्यून करताना तारा जाड लावा.

फ्लॉइडच हवा असेल तर एक ट्यूनिंग ठरवा आणि त्यालाच चिकटून राहा. खाली उतरायचंय? जाड तारा लावा, एका वेळी एकच तार बदला. मग ट्यून करा, मागे स्प्रिंग धरणाऱ्या पट्टीचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवा, परत ट्यून करा, ब्रिज बॉडीला समांतर येईपर्यंत. खुंट्यांना हात लावायचा तो सगळ्या तारा ढिल्या करूनच. पहिल्यांदा करताना अख्खी दुपार जाते. पंधरा मिनिटांत फ्लॉइड सेट करून दाखवणाऱ्या व्हिडिओंनी माझ्याकडे किती गिटारी पाठवल्यात ते मलाच माहीत.

आणखी काही

पिकअपवर ईएमजी दिसलं की पोरं ऍक्टिव्ह समजतात. खाली एचझेड लिहिलेलं असेल तर तो पॅसिव्ह आहे. खरंच ऍक्टिव्ह असेल तर आत नऊ व्होल्टची बॅटरी असते, आणि केबल जॅकमध्ये राहिली की ती उतरत राहते. वाजवून झाल्यावर केबल काढा.

जड गिटार म्हणजे चांगली गिटार, हे डोक्यातून काढा.

नावाजलेली सिग्नेचर निम्म्या किमतीत ऑनलाइन दिसली तर ती नकली धरूनच चाला.

ऑनलाइन मागवलीच तर खोका उघडताना सलग व्हिडिओ करा, आणि वर सांगितलेली तपासणी त्याच दिवशी करा.

पावसाळ्यात आलेली गिटार बाहेर काढून लगेच ट्रस रॉड (नेकमधली वाक सांभाळणारी सळई) फिरवू नका. आपल्या हवेत तिला आठवडाभर राहू द्या. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट मोजा. माझा फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पानांचा जुडगा) उद्यमनगरातल्या हार्डवेअरच्या दुकानातला आहे, ०.२५ मिलिमीटरचं पान तिथं अलगद सरकलं की मी खूश. फट जास्त असली तर रॉड पाव फेरा घट्ट, कमी असली तर पाव फेरा ढिला. मग परत ट्यून करून गिटार रात्रभर तशीच ठेवायची आणि सकाळी पुन्हा मोजायची.