शेवटची फवारणी आणि काढणी, मधले दिवस कसे मोजायचे

दरवर्षी सीझनला एकच प्रश्न येतो, दादा फवारून आठ दिवस झाले, आता माल तोडला तर रेसिड्यू, म्हणजे मालात उरलेलं औषध, लागेल का. आधी डब्यावरचं लेबल वाचा, त्यात तुमच्या पिकासमोर काढणीपूर्व किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, आणि त्याच्या खाली कधीच यायचं नाही. पण ते दिवस कुठून येतात हे कळलं की आपलं आपल्यालाच गणित करता येतं.

हाफ लाइफ म्हणजे औषध निम्मं व्हायला लागणारे दिवस. समजा द्राक्षाच्या मण्यावर 2 पीपीएम (किलोमागे 2 मिलिग्रॅम) औषध आहे, चालणारी लिमिट 0.1, हाफ लाइफ 4 दिवस. मग 2 चे 1, 0.5, 0.25, 0.125, 0.06, म्हणजे पाच वेळा निम्मं, 20 दिवस झाले. डोस दुप्पट मारला तर अजून फक्त 4 दिवस वाढतात, पण लिमिट 0.01 असेल तर तेच 20 चे 32 होतात, एक्स्पोर्टवाले तिथेच फसतात.

आता हा हाफ लाइफचा आकडा काय दगडावरची रेघ नाही. ऊन, ओलावा, पानातली एन्झाइम, मातीतले जिवाणू हे सगळे मिळून औषध तोडतात, म्हणून नाशिककडच्या निफाडच्या जानेवारीतल्या थंडीत तेच औषध जास्त दिवस टिकतं, वर मणी फुगायचे थांबले असतील तर फळ वाढून रेसिड्यू पातळ होतो तेही होत नाही. आंतरप्रवाही, म्हणजे झाडात शोषलं जाणारं औषध तर आत गेलेलं असतं, पाण्याने धुवून ते जात नाही. सीसीसीचं (क्लोरमेक्वॅट, वाढ रोखणारं औषध) 2010 साली आपण बघितलंच, त्याच्या रेसिड्यूमुळे युरोपात द्राक्षाचे कंटेनर अडकले.

आणि तुटलं म्हणजे संपलं असं पण नाही हां! डायमिथोएट हे कीटकनाशक तुटून ओमेथोएट होतं, ते मूळ औषधापेक्षा जास्त विषारी. डीडीटीचं डीडीई होतं आणि ते मातीत वर्षानुवर्षं बसून राहतं. म्हणून लॅबला सँपल देताना रिपोर्टमध्ये मूळ औषधाबरोबर त्याचे तुकडे पण धरलेत का ते विचारून घ्या.

उलटा घोळ टाकीत होतो, तिथे औषध फवारायच्या आधीच तुटतं. कॅप्टान हे बुरशीनाशक पीएच (पाणी आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा) 5 च्या पाण्यात 32 तासांनी निम्मं होतं, 7 ला 8 तासांत, आणि 8 ला फक्त 10 मिनिटांत. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी 8 च्या आसपास असतं, म्हणजे चहा पिऊन येईपर्यंत अर्धे पैसे गेले. पीएच पेपर घ्या, आधी पाणी तपासा, सायट्रिक अ‍ॅसिडने खाली आणा, मग औषध टाका आणि लगेच फवारा. कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, असेल तर मात्र अ‍ॅसिड घालू नका, पानं जळतील.