जुन्या मस्टँगला मागचे शॉकअप कसे बसवायचे

१९६५-६६ ची फोर्ड मस्टँग कूपे असेल तर मागचे दोन्ही शॉकअप घरच्या गॅरेजमध्ये अर्ध्या दिवसात बदलून होतात, लिफ्ट लागत नाही. पण इथे मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे जुन्या गाडीचा नट सरळपणे सुटेल हे धरूनच चालू नका, आदल्या दिवशी वरच्या-खालच्या चारही नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, रात्री झोपायच्या आधी परत एकदा मारा. याने काम निम्मं हलकं होतं, खरंच.

आधी थोडं समजून घ्या. या गाडीला मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत, गाडीचं वजन पाटे धरतात, शॉकअप फक्त पाट्यांचं उसळणं थांबवतो. म्हणजे मागची बाजू खाली बसली असेल तर नवीन शॉकअपने ती वर येणार नाही, पाटे बघावे लागतील. आणि शॉकअपचं वरचं टोक कुठे बसतं, तर डिकीतल्या फ्लोअरच्या पत्र्यात, भोकातून वर येतं आणि नट डिकीत लागतो. जाड चॅसी वगैरे नाही तिथे, पत्राच. म्हणून मला तरी या सगळ्या कामात तो पत्रा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सत्तरच्या दशकात मागे रुंद टायर टाकून शेपूट वर करायची फॅशन होती, त्यासाठी लोक हवा भरायचे शॉकअप लावायचे, मग गाडीचं काही वजन पाट्यांऐवजी त्या पत्र्यावर यायचं. एका मित्राच्या गाडीत मी मॅट उचलली तर भोकाभोवती पत्रा चिरलेला आणि वर नुसतं सीलर फासलेलं. आम्ही ते काम तिथेच थांबवलं, आधी वेल्डिंग करून घेतलं, मगच शॉकअप. तुम्हीही नवीन शॉकअप मागवायच्या आधी मॅट उचलून, टॉर्च लावून नीट बघा, स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा.

पाने इंची लागतात, मिलीमीटरचा सेट घेऊन बसलात तर नटांचे कोपरे जातील. जॅक, दोन जॅक स्टँड, वायर ब्रश आणि एक व्हाइसग्रिप (लॉक होणारी पक्कड) एवढं पुरतं.

गाडी सपाट फरशीवर लावा, पुढची चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना दोन्ही बाजूंनी उटी लावा, मागच्या चाकांचे नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा. मग डिफरन्शियलखाली (मागच्या एक्सलच्या मधल्या फुगीर भागाखाली) जॅक लावून गाडी उचला आणि स्टँड एक्सलच्या नळ्यांखाली द्या, ब्रेकचा पाइप मध्ये चिरडत नाही ना ते बघून. स्टँड एक्सलखालीच का, तर शॉकअप सोडला की एक्सल खाली लोंबतो आणि सगळा ताण ब्रेकच्या रबरी होजवर येऊ शकतो, एक्सल टेकलेला असला की तो प्रश्नच नाही. गाडीला जोरात हलवून बघितल्याशिवाय खाली जाऊ नका आणि नुसत्या जॅकवर तर कधीच नाही. मग मागची चाकं काढा.

आता डिकी. कूपेमध्ये वरचा नट सहज दिसतो, फास्टबॅक (मागे उतरत्या छताची) किंवा कन्व्हर्टिबल (उघडत्या छताची) असेल तर आधी ट्रिम, झाकणं वगैरे हटवावी लागतात. नट फिरवताना शॉकअपचा दांडाच गरागरा फिरतो, तेव्हा टोकाला जो चपटा भाग आहे तो पान्याने धरा. नाहीच जमलं तर खालून दांड्यावर व्हाइसग्रिप लावा, जुना टाकायचाच आहे. नव्याच्या दांड्याला मात्र व्हाइसग्रिप अजिबात लावायचा नाही, चरा पडला की सील कापलं जातं आणि महिन्याभरात तेल गळतं. खालचा नट पाट्याच्या प्लेटखाली आहे, आटे वायर ब्रशने साफ करून मगच सोडवा. एका वेळी एकच बाजू करा म्हणजे दुसरी बघून वायसर-बुशचा क्रम कळतो, पण शॉकअप बदलायचे मात्र जोडीनेच.

जुना-नवा शेजारी ठेवून लांबी आणि टोकं जुळवा. नंतरच्या मस्टँगपैकी ४२८ कोब्रा जेट या मोठ्या इंजिनच्या काही चार-स्पीड गाड्यांना एक शॉकअप एक्सलच्या पुढे आणि एक मागे असतो, जोरात क्लच सोडल्यावर एक्सल उड्या मारू नये म्हणून, तिथे साधी जोडी मागवू नका.

नवीन शॉकअप साधा तेलाचा असेल तर उभा धरून पूर्ण ओढा, उलटा करून पूर्ण दाबा, असं चार-पाच वेळा, आतली हवा निघून जाते. गॅसचा असेल तर हे करायची गरज नाही, त्याला दाबून ठेवणारा पट्टा शॉकअप जागेवर गेल्यावरच कापा, बोटं सांभाळून. आधी वरचं टोक, म्हणजे दांड्यावर वायसर, रबर बुश, मग पत्र्यातून वर, डिकीत परत बुश, वायसर, नट. नट दोन-चार आटेच लावा, मग खालचं टोक प्लेटमधून घालून तिथेही तसंच. सगळं जागेवर आल्यावर आवळा, पण किती, तर रबर फुगून वायसरच्या कडेपर्यंत येईल इतकंच. इथे लोक जोर लावतात, रबर चिंबून जातं आणि मग गाडी प्रत्येक खड्ड्यात ठक्क वाजते.

सायलेन्सरचा पाइप शॉकअपला लागत नाही ना ते बघा, चाकं लावा, गाडी खाली घ्या, चाकांचे नट समोरासमोरचे असे आवळा. पन्नासेक मैल चालवून डिकी परत उघडा, वरचे नट हाताने तपासा आणि त्या पत्र्यावर पुन्हा एकदा टॉर्च मारा.