ट्रकचा पिकअप वाढवताय? घाटात भोवणाऱ्या या चुका टाळा

चिऱ्याने भरलेली गाडी कुंभार्ली घाटात दुसऱ्या गिअरवर रांगते, मागून एसटी हॉर्न मारत असते आणि मालक ठरवतो, यंदा पिकअप वाढवायचाच. गॅरेजमध्ये पहिला प्रश्न येतो, किती एचपी वाढवू? प्रश्नच चुकीचा आहे. जास्तीची ताकद सलग किती मिनिटं लागणार, यावर इंजिनाला किती झेपेल ते ठरतं. हायवेला ओव्हरटेक करताना पेडल दहा-पंधरा सेकंद पूर्ण दाबलं जातं. आंबा किंवा फोंडा घाट भरल्या गाडीने चढताना ते वीस-वीस मिनिटं तसंच दाबलेलं असतं. आणि इंजिन जातं ते उष्णतेने.

ठोकताळा असा: टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) आणि इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) असलेलं, तब्येतीने ठणठणीत कॉमन रेल इंजिन (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाने डिझेल देणारं) १० ते १५ टक्के जादा टॉर्क, म्हणजे ओढ, सहसा सोसतं. २० टक्क्यांच्या पुढे एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा मीटर बसवल्याशिवाय जाऊ नये. ३० टक्क्यांनंतर क्लच, टर्बो आणि हेड गॅस्केट यांचाही खर्च धरा. टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनात तर वाढवायला जागाच नसते. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणजे नुसता काळा धूर.

हिशेब न करता पैसे घालणं

१८.५ टनांची भरलेली दोन ॲक्सलची गाडी, १५० एचपीचं इंजिन, दर १०० मीटरला ६ मीटर चढ. चाकापर्यंत साधारण ८५ टक्के ताकद पोचते असं धरलं तर गाडी ताशी २६-२७ किलोमीटरने चढते. ताकद १५ टक्के वाढवली की ३०ने. म्हणजे १० किलोमीटरच्या चढणीत वाचली पुरती तीन मिनिटंही नाहीत. त्यात 'आता ओढते ना' म्हणून तीन टन चिरा जास्त चढवला की तीही गेली. वर ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि दर जादा टनामागे २,०००.

आजारी गाडीला चिप लावणं

चिप म्हणजे ताकद वाढवणारी इलेक्ट्रॉनिक डबी. आजारी गाडीला ती लावणं ही कोकण किनाऱ्यावरची सगळ्यात महागडी चूक, कारण इथे बहुतेक गाड्यांची ओढ कमी झालेली असते ती मीठ आणि तांबड्या धुळीमुळे. आधी पुढची जाळी काढून इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बॅटरी मारा. समोरून दोन्ही स्वच्छ दिसतात, पण मध्ये चिऱ्याच्या धुळीचा थर पावसात भिजून वाळलेला असतो. इंजिनच्या बाजूने हलक्या दाबाचं पाणी मारून तो बाहेर काढायचा. प्रेशर गन जवळून मारली तर फिन्स वाकतात. बोट लावल्यावर फिन्सचा भुगा होत असेल तर खाऱ्या हवेने त्या संपल्या आहेत. कूलर बदलायचा, चिपचं नाव काढायचं नाही.

मासळीच्या गाडीत आणखी एक गोष्ट. बर्फाचं खारं पाणी ठिबकत वायरिंगवर येतं. टर्बोच्या हवेचा दाब मोजणाऱ्या बूस्ट सेन्सरचा कनेक्टर उघडून पाहा. पिनांवर हिरवट गंज असेल तर ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) हवेचा दाब खरा कळत नाही आणि तो डिझेल कमी सोडतो. पिना साफ केल्या की पुष्कळदा गेलेली ओढ परत येते.

मग इंटरकूलरचे होज. टर्बोच्या तोंडाला बूच लावून १ बारपर्यंतच हवा भरा, जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसले तिथे क्लॅम्प बदला. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि एक्झॉस्ट ब्रेकची झडप पूर्ण उघडते का हेही बघून घ्या. पावसाळ्यात वॉटर सेपरेटरमधलं पाणी रोज सोडायला हवं. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट (किती डिझेल परत जातं ते) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) हे सगळ्यात शेवटी. एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली असेल तर विषय तिथेच संपला.

स्वस्त डबी

रेल प्रेशर सेन्सरच्या वायरीत बसणारी डबी ईसीयूला दाब खऱ्यापेक्षा कमी सांगते. ईसीयू बिचारा दाब वाढवतो. पंप आणि इंजेक्टर कायम जास्त दाबाखाली चालतात आणि एक दिवस प्रेशर रिलीफ वाल्व उघडून गाडी ऐन वळणावर लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे इंजिन स्वतःची ताकद कापून घेतं. जुन्या गाडीच्या डिझेल पंपाचं सील तोडून स्क्रू 'अर्धा आटा' फिरवणं हा त्याच जातीचा प्रकार. पंप टेस्ट बेंचवरच सेट करून घ्यावा.

मीटर चुकीच्या जागी

एक्झॉस्टच्या मीटरचं थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी कांडी, टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये हवं. टर्बोच्या मागे लावलं तर चढणीला आकडा खऱ्यापेक्षा शंभर अंशांनी किंवा त्याहूनही जास्त कमी दिसतो आणि ड्रायव्हर निर्धास्त राहतो. भोक पाडायला मॅनिफोल्ड उतरवाच, कारण एक लोखंडी कीस टर्बोच्या पात्यांत गेला तर मीटरच्या कितीतरी पट खर्च. सलग चढणीत काटा ७०० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवायचा. वर गेला तर पेडल सैल करून एक गिअर खाली.

वरच्या गिअरवर ढकलणं

ताकद वाढली की ड्रायव्हर गिअर टाकायचा कंटाळा करतो. हजार आरपीएमला पूर्ण पेडल म्हणजे हवा कमी, पाण्याचा पंप हळू आणि सिलिंडरमध्ये दाब सगळ्यात जास्त. हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्या मधलं पॅकिंग) इथे जातं. सकाळी इंजिन थंड असताना सुरू करा. पाच मिनिटांत रेडिएटरचा वरचा होज दगडासारखा कडक झाला किंवा त्याच्या पाण्याच्या टाकीत बुडबुडे आले, तर गॅस पाण्यात शिरतोय. आरपीएम चढतात पण वेग नाही, हा क्लच घसरल्याचा पुरावा.

बीएस-६ गाडीचं डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) किंवा धूर स्वच्छ करणारी युरिया यंत्रणा बंद करून 'मोकळी' करून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीपासून मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आणि घाटमाथ्यावर चहाला थांबताना लगेच चावी फिरवू नका. तापलेल्या टर्बोत थांबलेलं ऑइल जळून बेअरिंगला कोळसा धरतो. चहा सांगून येईपर्यंत, दोन-तीन मिनिटं, इंजिन आयडलवर राहू द्या.