हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचं क्रेडिट: आधी सही, मग विषय

सांगलीला आईला फोनवर सांगितलं, "नात कॉलेजला जायला लागली." ती म्हणाली, "अकरावीत आहे म्हटल्यावर कॉलेजच की! त्यात काय सांगायचं?"

तिचंही बरोबर. आपल्याकडे दहावी झाली की पोरं ज्युनियर कॉलेजात. इथे कॅलिफोर्नियात बारावीपर्यंत हायस्कूलच. पण अकरावीतली पोर संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात (गावातलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) जाऊन मोठ्या माणसांबरोबर बसू शकते, आणि तिथे मिळालेलं क्रेडिट पुढे युनिव्हर्सिटीतही चालतं. याला ड्युअल एनरोलमेंट म्हणतात. राज्य बदललं की नाव बदलतं. वॉशिंग्टनमध्ये रनिंग स्टार्ट, मिनेसोटात पीएसईओ (तिथे हे १९८५पासून आहे), ओहायोत कॉलेज क्रेडिट प्लस. मी लिहितेय ते कॅलिफोर्नियाचं. दोन मुलांचं केलंय. थोरलीच्या वेळी आपटलो, धाकट्याच्या वेळी जरा शहाणे झालो.

दरवाजे दोन आहेत. कॉलेजनं तुमच्या शाळेशी करार केला असेल, तर कॉलेजचा वर्ग बहुधा शाळेतच भरतो, आणि फी-पुस्तकं काहीच पडत नाही. या कराराला सीकॅप म्हणतात, २०१६पासून चालू आहे. शाळेत हे असेल तर पहिला कोर्स तिथेच घ्या, डोकं लावू नका. नसेल तर दुसरा दरवाजा: मुलानं स्वतः कॉलेजात नाव घालायचं. आमचा हा दुसरा.

अर्ज सीसीसीअप्लाय या कम्युनिटी कॉलेजांच्या साइटवर, ऑनलाइन, फुकट. त्यात दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. "सध्या तुम्ही काय आहात" या प्रश्नाला पोरं "पहिल्यांदाच कॉलेजला जाणारा" निवडतात, कारण ते खरंच वाटतं. निवडायचं असतं "हायस्कूल आणि कॉलेज एकाच वेळी". दुसरं ईमेलचं. शाळेचा ईमेल देऊ नका, कित्येक शाळा बाहेरची पत्रं अडवतात. अर्ज करून चार दिवस झाले तरी उत्तर नाही आलं, तर स्पॅम बघा आणि मग विचारा. बनावट अर्जांचा इतका सुळसुळाट झालाय की खरे अर्जही चाळणीत अडकतात. एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असाल तर रेसिडेन्सीचं, म्हणजे राज्याचे रहिवासी धरतात की नाही त्याचं काय, हे ॲडमिशन ऑफिसात आधीच विचारून घ्या. फीचा आकडा त्यावर फिरतो.

आता सही. कॉलेजला एक फॉर्म लागतो, त्यावर शाळेच्या काउन्सेलरची किंवा मुख्याध्यापकांची सही, आणि पालकांची. बहुतेक कॉलेजांत दर टर्मला नवा फॉर्म. थोरलीच्या वेळी उन्हाळ्याचा कोर्स घ्यायचं आम्ही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठरवलं. फॉर्मची प्रिंट घेऊन शाळेत गेले, तर ऑफिसला कुलूप. काउन्सेलर ऑगस्टपर्यंत सुट्टीवर. मैदानात एकजण स्प्रिंकलर दुरुस्त करत होता, त्यानंच हे सांगितलं. शेवटी कुठून तरी एका अधिकाऱ्याची सही मिळाली, पण तोवर चांगल्या वेळेचे वर्ग भरले होते. उरला होता लॅबसकट केमिस्ट्रीचा, सहा आठवड्यांचा. घेतला. तिथेच चुकलो.

का चुकलो, त्याचा हिशोब करून बघा. कोर्स केवढा, ते इथे युनिटांत मोजतात. नियमात एका युनिटमागे किमान ४८ तासांचं काम धरतात, वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून. तीन युनिटांचे झाले १४४ तास. सोळा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये ते आठवड्याला नऊ पडतात. तोच कोर्स उन्हाळ्यात सहा आठवड्यांत कोंबला की चोवीस. लॅबच्या केमिस्ट्रीला तर युनिटंच जास्त. तिसऱ्या आठवड्यात लेक रात्री एक वाजता लॅब रिपोर्टवर डोकं ठेवून झोपलेली सापडली. ड्रॉप करू म्हटलं, तर नुसतं नाव काढून घ्यायची तारीख उलटून गेली होती. तिच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रिकेवर, डब्ल्यू (विथड्रॉ, कोर्स अर्धवट सोडल्याची खूण) लागला. तो कायमचा. हायस्कूलमधल्या मुलाचं म्हणून कॉलेज वेगळं, कच्चं रेकॉर्ड ठेवत नाही. वर्ग सुरू व्हायच्या आधी ड्रॉपच्या दोन तारखा फ्रिजवर लावा: डब्ल्यू न लागता सोडायची आणि डब्ल्यू घेऊन सोडायची.

म्हणून पहिला कोर्स एकच, सेमिस्टरमध्ये, आणि शाळेत न मिळणारा. नियमानं एका सेमिस्टरला अकरा युनिटांपर्यंत घेता येतात, पण घेता येतात म्हणून घ्यायचे नसतात. विषय ठरवताना असिस्ट डॉट ऑर्ग उघडा. कॉलेजचा कोणता कोर्स यूसी किंवा सीएसयूत (राज्याच्या दोन सरकारी विद्यापीठांत) कशाच्या बदली धरतात, ते तिथे दिसतं. धाकट्यानं पब्लिक स्पीकिंग घेतलं. हल्ली काही कोर्सना राज्यभर एकच क्रमांक दिलाय, हा कॉम सी१०००. कॅलिफोर्नियाबाहेरची आणि खासगी विद्यापीठं मात्र आपापला कायदा चालवतात. हायस्कूल पास व्हायला जो कोर्स वापरला, त्याचं क्रेडिट कित्येक ठिकाणी पुन्हा देत नाहीत. आपल्या मंडळात एक अफवा दर गणपतीला ऐकू येते की जास्त युनिटं झाली तर यूसी फ्रेशमन म्हणून, म्हणजे पहिल्या वर्षाला, घेत नाही. चूक आहे. हायस्कूल संपायच्या आधी कितीही युनिटं केली तरी मूल फ्रेशमनच. तो कोर्स शाळेच्या गुणपत्रिकेवर चढणार का, हे मात्र काउन्सेलरला आधी विचारा. नंतर विचारलं की नुसती टोलवाटोलवी.

रजिस्ट्रेशनला आपली पोरं रांगेत शेवटी, तसा नियमच आहे. तीन वर्गांची यादी तयार ठेवा. वेटलिस्टवर नाव लागलं तरी पहिल्या दिवशी जाऊन बसा. जे पहिल्या दिवशी येत नाहीत त्यांची नावं प्रोफेसर काढतात, मग उरलेल्यांना ॲड कोड, म्हणजे वर्गात नाव घालायचा क्रमांक, मिळतो.

इथे मला एक धक्का बसला. वेटलिस्टचं विचारायला कॉलेजात फोन केला, तर पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "विद्यार्थी जवळ आहे का?" पोरगं पंधरा वर्षांचं! पण फर्पा नावाच्या कायद्यानं, मूल कॉलेजात शिकायला लागलं की रेकॉर्डचा हक्क त्याचा, वय काही असो. आई-बापांना मार्कही सांगत नाहीत. मग त्यानंच प्रोफेसरला ईमेल लिहिला. पहिला खर्डा "हाय" पासून सुरू होऊन "प्लीज" वर संपत होता, मध्ये काहीच नाही. मी फक्त म्हटलं, कोण, कुठला वर्ग, वेटलिस्टवर कितवा, एवढं घाल. दुसऱ्या दिवशी कोड आला.

पैशांचं थोडक्यात: राज्यातल्या रहिवाशाला युनिटला ४६ डॉलर, तीन युनिटांचे १३८. हायस्कूलच्या मुलांना बहुतेक कॉलेजं ही फी माफ करतात, पण हेल्थ फी, पार्किंग यांचं वेगळं विचारा. वेळापत्रकात "झिरो टेक्स्टबुक कॉस्ट" अशी खूण असलेला वर्ग मिळाला तर पुस्तकांचा खर्च वाचतो.

धाकट्याचा वर्ग मंगळवारी संध्याकाळी होता. शेजारी हॉस्पिटलात रात्रपाळी करणारी एकजण, मागे ट्रक चालवणारा एक पन्नाशीचा माणूस. माहितीपर भाषणाला यानं सांगलीच्या तालमीतली लाल माती निवडली. हळद, तेल, लिंबू, ताक घालून ती कशी मळतात, सगळं सांगितलं. त्या ट्रकवाल्यानं हात वर करून विचारलं, "ताक कशाला?" याला उत्तर येईना. घरी आल्या आल्या आजोबांना फोन, तिकडे सकाळ होती. पाऊण तास बोलत होते.

शेवटचं काम बारावीनंतरचं. कॉलेजचा ट्रान्सक्रिप्ट हायस्कूल पाठवत नाही. तो कॉलेजकडून मुलानंच मागवायचा आणि जिथे प्रवेश घेतलाय तिथे थेट पाठवायचा. पहिल्या दोन प्रती फुकट असतात. अर्ज भरताना डब्ल्यूसकट सगळे कोर्स लिहायचे, थोरलीनंही तिचा केमिस्ट्रीचा लिहिला. शेवटचा ग्रेड चढलाय ना, हे बघूनच ट्रान्सक्रिप्ट पाठवायचं बटण दाबा. आमच्याकडे दोनपैकी एक फुकट प्रत अर्धवट ट्रान्सक्रिप्ट पाठवण्यात गेली.