उभा खूर: टाचेला कानस लावण्याआधी

घोडा घ्यायचा म्हटलं की लोक भोवरे बघतात, दात मोजतात, पंचकल्याणी आहे का विचारतात. सारंगखेड्याच्या बाजारात रेवाल (झपझप, झटका न देणाऱ्या) चालीवर जीव टाकणारी गिऱ्हाइकं पैशाला पासरी. पुढचे दोन खूर शेजारी शेजारी ताडून बघणारा विरळा.

खूर धुऊन घ्या. घोडा कठीण, सपाट जमिनीवर उभा करा आणि बाजूला उकिडवं बसून बघा. पुढच्या खुराचा जमिनीशी कोन साधारण 50 ते 55 अंशांचा असतो. एक खूर 60 च्या वर, टाच उंच, अंगावरच्या वाढीच्या वळ्या टाचेकडे रुंद आणि पुढे दाटलेल्या, असं दिसलं की तो उभा खूर. दुखणं जुनं असेल तर खुराची पुढची भिंत मधोमध आत दबलेली दिसते. दोन खुरांत एखाद-दोन अंशांचा फरक बहुतेक घोड्यांत असतो; त्यावरून सौदा मोडू नका.

लंगडत असेल तर आधी पशुवैद्य. दुखरा पाय टेकायचं टाळूनही खूर उभा होतो.

शिंगरू असेल तर महिनाभरसुद्धा थांबू नका. पहिल्या सहा-आठ महिन्यांत पायाचं हाड भराभर वाढतं, पायामागची शीर (म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा) त्या वेगाने लांबत नाही. चंदी (दाण्याचा खुराक) जास्त झाली की हे आणखी बिघडतं. या वयात चंदी कमी करून, खूर साळून, गरज पडली तर शस्त्रक्रियेने बराच फरक पडतो. मोठ्या घोड्याचा उभा खूर मात्र फक्त सांभाळायचा असतो.

आता टाच. ‘कापून दोन्ही खूर सारखे करून टाका’ हा सल्ला देणाऱ्याला घोड्याजवळ फिरकू देऊ नये. खोट खुरात नसतेच. मागची शीर खुरातल्या हाडाला जोडलेली असते. ती आखूड पडते आणि हाड मागे ओढते. टाच एकदम उतरवली की शीर ताणली जाते, टाच अधांतरी राहते आणि सगळा भार पुढच्या टोकावर येतो. या खुराचा तळ तिथेच पातळ असतो. तो ठेचतो, भिंत तळापासून सुटायला लागते, फटीत घाण शिरते.

म्हणून टाचेवरून दोन-तीन मिलिमीटरच कानस फिरवा, पाय खाली ठेवा, घोड्याला दोन पावलं चालवून उभा करा आणि टाचेखाली कागद सरकवून बघा. कागद आत गेला तर जास्त उतरवलंत. तेवढी फट पाचर घालून भरावी लागते. पुढचं टोक खालून कापू नका, समोरून घासून मागे घ्या. तळाच्या पुढच्या भागाला चाकू लावायचाच नाही.

पुढच्या दुसऱ्या पायाकडे दुर्लक्ष नको. तो बहुधा पसरट, पुढे लांब आणि टाचेत बसका असतो. जास्त भार तोच वाहतो, म्हणून पुष्कळदा आधी तोच लंगडतो. त्याचं टोक मागे घ्या, टाच राखा.

नाल मारायची तर प्रत्येक खुराच्या मापाने. जोडी जुळवायला नाही.

खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतो आणि उभ्या खुरात टाच टोकापेक्षा भराभर वाढते. त्यामुळे चार ते सहा आठवड्यांनी नालबंद हवाच. ‘एकदाच सरळ करून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. दर वेळी साळण्याआधी बाजूने, जमिनीलगत मोबाइल ठेवून फोटो काढा. दोन-तीन फेऱ्यांनंतरही कोन वाढताच दिसला तर कानस खाली ठेवा आणि खुराचा एक्स-रे काढून घ्या.